फक्त माझाच पासपोर्ट

"तू कोळ्यांची ना? मग हे तुझ्या हातचं काम."

मॅडमनी माझ्या हातातला मार्कर काढून घेतला आणि पापलेटची पिशवी दिली. फळ्यावर माझं वाक्य अर्धंच राहिलं. सात जण बघत होते. पुण्या-मुंबईचे, माझ्याच वयाचे. कुणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडले तरी असते.

मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेय. रेवदंड्याजवळच्या आमच्या कोळीवाड्यात दहावीच्या मुलांना शिकवते. पोलंडमध्ये मुलांसाठी सहा आठवड्यांचं इंग्रजीचं शिबिर असतं. तिथे स्वयंसेवक म्हणून शिकवायला आम्हा आठ जणांची निवड झाली होती. पाठवणार होती मॅडमची संस्था. त्याआधी नागावच्या त्यांच्या बंगल्यात तीन दिवसांची तयारी होती. आई चौलच्या बाजारात मासळी विकते. गिऱ्हाइकाला सांगायची, "माझी पोर गोऱ्यांच्या पोरांना इंग्लिश शिकवाला चालली हाय."

आणि मी पापलेटं साफ केली. सगळ्यांना वाढलं. हे सांगताना आजही अंगाची लाही होते. वाटलं, एका दिवसाचं काय एवढं! दुसऱ्या दिवशी कोलंबी आली. पोळ्याही माझ्याच गळ्यात पडल्या. बाहेर ते सात जण धडे बसवत होते. मी गॅसपाशी उभी राहून ते पुटपुटत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिकडचं वेळापत्रक भिंतीवर लागलं. प्रत्येकाच्या नावापुढे वर्ग. माझ्या नावापुढे किचन. सहाही आठवडे.

मी बाबांना फोन लावला. त्यांनी वेळापत्रकाचं ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं. "पासपोर्ट कुनाकडं हाय?"

पासपोर्ट मी पहिल्याच दिवशी मॅडमकडे दिला होता. त्यांनी मागितला, मी दिला. त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहेत. दर्यावर निघताना खलाशी आपलं कार्ड तांडेलाकडे देतात. बोट तोच चालवतो आणि सगळ्यांचे कागदही तोच सांभाळतो. लहानपणापासून मी हेच बघत आले.

बाबा म्हणाले, "तांडेल आमच्याच बोटीत असतो, बाय. आमी बुडालो तर तोपन बुडंल. ही बाई येते का तुझ्यासंगं?"

मॅडम येणार नव्हत्या.

"मंग कागद आन पयला."

मी तशीच पिठाच्या हातांनी हॉलमध्ये गेले. "मॅडम, माझा पासपोर्ट द्या."

"तो व्हिसाला गेलाय."

मी बाकीच्यांना विचारलं, "तुमचेही गेले का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक मुलगी हळूच म्हणाली, "आमचे आमच्याकडेच आहेत."

परका देश, सहा आठवडे, आणि हातात कागद नाही. सहा आठवड्यांनी तरी मला परत पाठवणार होते का? मी विचारलं, "माझाच का ठेवलात?"

"तुमच्या लोकांचा काय भरवसा?"

मी फरशीवर बसले. इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असं सांगितलं की मी शिक्षिका म्हणून आले आहे आणि पासपोर्ट हातात आल्याशिवाय उठणार नाही. दुपारचा स्वयंपाक झाला नाही. सात जण उपाशी बसले, पण माझ्या बाजूने एकही जण बोलला नाही. चार वाजता पासपोर्ट आला. कुठल्याही ऑफिसातून नाही, मॅडमच्या बेडरूममधून.

"आता तुला कोण नेतं ते बघते," मॅडम म्हणाल्या.

मला कुणी नेलं नाही. आई आता बाजारात माझं नाव काढत नाही. चूक माझी आहे असं तिला वाटतं. वाटू दे.

परवा आमच्या आळीतल्या एका मुलीला मॅडमचा फोन आला. तिची निवड झाली आहे. येताना पासपोर्ट आणायला सांगितलंय. ती पेढे घेऊन माझ्याकडे आली होती. मी तिला सगळं सांगितलं. तरी तिला जायचंय, आणि तिने जावंच. पण त्या बंगल्यात ती एकटी जाणार नाही. मी तिच्याबरोबर जाणार आहे. मॅडमनी तिच्या पासपोर्टसाठी हात पुढे केला की तो हात मी सगळ्यांसमोर धरणार आहे, आणि ‘हिचाच का?’ याचं उत्तर मिळेपर्यंत सोडणार नाही.