कडी बाहेरून

आमच्या देवळातले नृसिंह म्हणजे सुतारकाका. एरवी माणूस इतका मऊ, की खिळा ठोकण्याआधी त्याचीसुद्धा परवानगी घेत असावा. नृसिंहजयंतीच्या संध्याकाळी मात्र ते अंगाला पिवळा रंग फासून, सुतळीची आयाळ लावून खांबातून बाहेर पडत, हिरण्यकश्यपूला उंबरठ्यावर मांडीवर घेत आणि त्याचं पोट फाडत. मग देव प्रकटला म्हणायचं आणि दिवसभराचा उपवास सोडायचा.

गेल्या वर्षी कागदाचा खांब वेळेआधीच फाटला आणि आत आयाळ विंचरत बसलेले देव सगळ्यांना दिसले. वर गर्जना अशी निघाली, की पुढच्या रांगेतल्या आजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हणून यंदा अध्यक्षांनी आधीच बजावलं, "काका, या खेपेला बिनसलं तर पुढच्या वर्षी व्यायामशाळेच्या मास्तरांना उभं करणार!"

काकांची झोप उडाली. वर्षातून एकदा लोक आपल्याला घाबरतात, तेही गेलं तर उरलं काय? "खांब मीच करतो," म्हणाले, आणि खपून लाकडी खांब केला. वरपासून खालपर्यंत कोरीव फुलं. दार कुठे आहे ते मुंगीलाही सापडू नये.

"घरातलं कपाट मी नुसती खोकले तरी उघडतं," काकू म्हणाल्या, "आणि इथे बघा कारागिरी!"

"अगं, देवाचं काम आहे."

"मग उद्यापासून कपाटात देव बसवते."

जयंतीला सूर्य मावळतीला टेकला. काकांनी आत शिरून दार ओढलं. 'टक्' असा सुरेख आवाज झाला. हिरण्यकश्यपू झालेले दातांचे डॉक्टर कडाडले, "कुठे आहे तुझा देव? या खांबात?"

"हो, आतच आहेत," प्रल्हाद झालेली काकांची नात म्हणाली.

डॉक्टरांनी गदा हाणली. खांब ढिम्म. पुन्हा हाणली. पुठ्ठ्याची गदा चेपली.

"डॉक्टर," खांबातून बारीक आवाज आला, "कडी बाहेर राहिली."

"काय?"

"जन्मभर कपाटं केली हो! कपाटात कोण राहतंय, म्हणून आतून कडी करायची सवयच नाही. एक फूल दाबा, उघडेल."

"कुठलं फूल?"

"डावीकडचं, खालचं."

हिरण्यकश्यपूने गुडघे टेकले आणि एकेक फूल हळुवार दाबायला सुरुवात केली. सभामंडप गहिवरला. "असुरालाही उपरती झाली हो!" म्हणत अध्यक्षीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. काहींनी हात जोडले. पुजारी मात्र आभाळाकडे बघून घामाघूम. "अहो, आटपा! दिवसा मरायचा नाही, रात्रीही मरायचा नाही, असा वर आहे त्याला. अंधार पडला तर हा वर्षभर जिवंत राहील आणि आपण सगळे उपाशी!"

"सापडत नाही हो काका!" असुर रडकुंडीला आला. "डावीकडची सगळी दाबली!"

आणि मग ती गर्जना झाली. उपास, उकाडा, आयाळीची खाज आणि मास्तरांचे दंड एकदम डोळ्यांपुढे येऊन काका जे गरजले, त्याने कळसावरची कबुतरं उडाली.

"तुमची डावी नाही! माझी डावीऽऽ!"

डॉक्टरांचा हात दचकून नेमका त्या फुलावर पडला. दार उघडलं. बाहेर आलेला देव इतका खरा चिडला होता, की मांडीवर पडलेल्या डॉक्टरांना काही अभिनय करावाच लागला नाही.

प्रसाद वाटताना अध्यक्ष स्वतः काकांपाशी आले. "आवाज आहे तोवर नृसिंह तुम्हीच! मास्तर-बिस्तर काही नाही."

काका रंग पुसत पुटपुटले, "पुढच्या वर्षी कडी आतून बसवतो."

"खबरदार! कडी आहे तिथेच राहील."

"आणि सरावाला घरी कपाट आहेच," काकू प्रसादाचा द्रोण पुढे करत म्हणाल्या. "उद्या सकाळी आधी त्याची कडी बसवा."