कोरड्या बेअरिंगचा आवाज

देवीदास रामटेकेचा पहिला संशय गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर गेला, दुसरा गल्लीतल्या विजेच्या खांबावर आणि तिसरा शेजारच्या भैय्यालालवर. तिसरा मात्र पक्का बसला. स्वतःच्या कानावर संशय घ्यावा, हे काही त्याच्या मनात आलं नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? एकवीस वर्षं हा माणूस कानाच्या जोरावर पोट भरत होता.

रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्चं लोखंड काढायच्या, कारखान्यात तो फिटर होता. भट्टीचा धूर ओढणारे मोठाले पंखे तिथं रात्रंदिवस फिरतात. त्यांच्या बेअरिंगमधलं ग्रीस सुकलं की आधी आवाज बदलतो, मग पंखा बसतो आणि पंखा बसला की भट्टी बसते. देवीदास हातभर लांब सळई घेई, तिचं एक टोक बेअरिंगवर टेकवी, दुसरं कानाच्या भोकात घट्ट दाबून धरी, डोळे मिटे आणि सांगे, "चार दिवस चालते. पाचव्या दिवशी बदलून टाका." आणि पाचव्या दिवशी ते बदललं जाई. अभिनवसाहेब म्हणून नवे इंजिनिअर आले होते, पुण्यात शिकलेले. तेसुद्धा देवीदास डोळे उघडेपर्यंत गप्प उभे राहत. या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. घरी बायको-पोरांना त्यानं ती इतक्यांदा सांगितली होती, की मुलगी दीपमाला ती त्याच्या आधीच म्हणून टाकायची.

तर हा आवाज सुरू झाला गेल्या जूनमध्ये. बारीक, लांबलचक, न थांबणारा. रात्रपाळी करून तो सकाळी घरी येई, भाजी-भाकर खाई आणि दुपारी बारा ते चार झोपायला बघे. गुढियारीचा तो पारा, म्हणजे मोहल्ला, दुपारी अगदी गप्प असतो. नेमका तेव्हाच आवाज वर येई. पहिल्या दिवशीच देवीदासनं निदान केलं, हे कोरडं बेअरिंग आहे. छोट्या मोटरीचं. कुणीतरी ग्रीस न घालता चालवत आहे.

आता छोटी मोटर म्हणजे काय, हे त्या वर्षी रायपुरात कुणाला सांगायची गरज नव्हती. राजधानी होऊन पाचवं वर्ष लागलं होतं. भोपाळहून साहेब आले, साहेबांमागे बाबू आले, बाबूंमागे भाडेकरू आले. शंकर नगरात एकेका घरावर दोन-दोन मजले चढले, आणि नळाला पाणी मात्र होतं तेवढंच राहिलं. अर्धा तास यायचं. मग हुशार लोकांनी नळाच्या लाइनलाच टुल्लू पंप जोडले. तो सुरू केला की सगळ्या गल्लीचं पाणी एकाच घरात ओढलं जातं. नगर निगमवाले, म्हणजे पालिकेची माणसं, पंप पकडून नेत, तरी लोक जोडत. अख्खा पारा एकमेकांच्या नळाकडे वाकड्या नजरेनं पाहू लागला होता. देवीदासच्या नजरेला तेवढंच निमित्त पुरलं.

भैय्यालालचं आणि त्याचं घर एकाच भिंतीचं. पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेला साधा माणूस. बायको पद्मिनीभाभी. वीस वर्षांचा शेजार. धम्मचक्राच्या दिवशी इकडची खीर तिकडे जायची, तीजेच्या सणाला तिकडची बेसनाची ठेठरी इकडे यायची. पण संशय एकदा घुसला की माणूस खीर-ठेठरी आठवत बसत नाही.

"ऐकून राहिली का?" दहा महिने टाकी आणि खांब धुंडाळून झाल्यावर एका दुपारी तो बायकोला, सरलाला म्हणाला. "भिंतीतून येऊन राहिला आवाज. टुल्लू आहे त्याच्याकडे."

सरलानं जरा कान दिला. "मले तं काही नाही येत ऐकू."

"तू पंखा बंद कर अन् मग ऐक."

एप्रिल महिन्यात, रायपूरच्या उन्हात, पंखा बंद! तोही काही आवाज करणारा पंखा नव्हता. देवीदासनंच त्याला तेलपाणी करून करून पार मुका केला होता. तरी बंद केला. नवरा-बायको घामानं निथळत भिंतीपाशी उभे राहिले. सरलाला भिंतीपलीकडची नेहमीची खडखड आणि कुकरची शिट्टी सोडून काही ऐकू आलं नाही. मुलाला, यशदीपला बोलावलं, तो म्हणाला, "पापा, मुझे कुछ नहीं सुनाई दे रहा." देवीदासनं कपाळावर आठ्या घातल्या. मोबाइलनं या पोट्ट्याचे कान गेले, आणि बायको तर शेजाऱ्याचीच बाजू घेणार, भाभीची मैत्रीण ना ती! मग त्यानं कारखान्यातून आणलेली सळई काढली, एक टोक भिंतीला लावलं, दुसरं कानात दाबलं, आणि त्याचा चेहरा उजळला. आवाज दुप्पट झाला होता. स्वच्छ, खणखणीत, कोरडा.

"पकडला," तो म्हणाला. गड्याला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगा.

दुसऱ्या दिवशी त्यानं निगमात अर्ज टाकला. नाव लिहिलं नाही. शेजाऱ्याशी वाकडं कशाला घ्या, हा शहाणपणा होताच त्याच्यापाशी. हिंदीत लिहिलं, की अमुक घरी दुपारी बारा ते चार मोटर चलती है, सूखी बेअरिंग की आवाज आती है, उचित कार्यवाही करें.

आठवड्यानं दोन माणसं आली. भैय्यालालच्या मोरीत, अंगणात, पलंगाखालीसुद्धा पाहिलं. टुल्लू सोडा, टुल्लूचा पाइपसुद्धा सापडला नाही. पारा जमला होता. पद्मिनीभाभी पदर तोंडाशी धरून दारात उभ्या होत्या आणि भैय्यालाल कुणाकडेच पाहत नव्हता. देवीदास खिडकीच्या फटीतून बघत होता. लाज वाटायला हवी होती. त्याला वाटलं, कुणीतरी आधीच सांगितलं याला. पंप हलवला.

आणि मग तर संशयाला पुरावाच मिळाला. त्या दिवसापासून भिंतीपलीकडची खडखडही बंद झाली. दुपारभर ते घर असं चिडीचूप, की माणसं आहेत की नाहीत कळू नये. आणि त्या शांततेत आवाज पूर्वीपेक्षा मोठा! "बाकी सगळं बंद करून पंप चालवून राहिला तो," देवीदास सरलाला सांगू लागला. "चोर सावध झाला."

"तुमची झोप नाही होऊन राहिली, म्हणून डोकं फिरलं," सरला म्हणाली. "कानात काही झालं असन. दाखवून या कोणाले."

"माह्या कानाले काय झालं? माह्या कानावर कारखाना चालते!"

तिनं लसणाची पाकळी घालून मोहरीचं तेल तापवलं आणि तो डुलकीत असताना दोन्ही कानांत सोडलं. देवीदास ताडकन उठून बसला. पुढचे दोन दिवस त्याला सरलाचाही संशय येत होता, की ही आपल्याला बहिरं करून भैय्यालालला सोडवणार.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात कारखान्याचं शटडाऊन लागलं. वर्षातून एकदा भट्टी थंड करतात, सगळ्यांना दिवसपाळी लावतात आणि सगळी डागडुजी उरकतात. नत्थू इलेक्ट्रिशियननं मोठ्या पंख्याचे फ्यूज काढून खिशात घातले आणि पॅनेलवर लाल पाटी लटकवली. सकाळचे दहा वाजले होते. चालू असताना जिथं बोललेलं ऐकू येत नाही, तिथं चिमण्या ओरडत होत्या. देवीदास पंख्यापाशी आला आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, त्यानं सळई बेअरिंगवर टेकवली आणि कानात दाबली.

आवाज आला.

कोरडा, बारीक, लांबलचक. भिंतीतला तोच.

त्यानं डोळे उघडले. पंखा उभा होता. हात लावला, पातं थंड होतं. "नत्थू," तो ओरडला, "फ्यूज काढले ना बे?" नत्थूनं खिशातून काढून दाखवले. देवीदासनं सळई परत लावली. आवाज होताच. मग त्यानं ती खांबाला लावली, जिन्याच्या कठड्याला लावली, शेवटी शेजारी पडलेल्या सिमेंटच्या पोत्याला लावली. सिमेंटच्या पोत्यातही कोरडं बेअरिंग वाजत होतं.

तो तिथंच पोत्यावर बसला. त्याला आधी भैय्यालाल आठवलाच नाही. आठवलं ते हे, की फेब्रुवारीपासून त्यानं दोन बेअरिंगं निकामी ठरवून काढायला लावली होती, आणि काढल्यावर ती नवीकोरी निघाल्यासारखी दिसली होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, स्टोअरवाल्यांनी अदलाबदल केली असेल. आता एखादं खरंच सुकलेलं बेअरिंग त्याला कळलंच नाही तर? फिरता पंखा फुटला आणि खाली कुणी उभं असलं तर? एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला सळईची भीती वाटली.

त्याच दुपारी त्यानं अभिनवसाहेबांना सांगितलं. सांगताना मान वर केली नाही. साहेब वाईट बोलले नाहीत. कंपनं मोजायचं यंत्र तसंही येणारच होतं, म्हणाले, आणि कान आधी दाखवून या. यंत्राचं ऐकून देवीदासला वाटलं, हे लोक आपली वाटच बघत होते की काय. तो संशयही त्यानं बरेच दिवस जपला. पण कान दाखवायला गेला.

डॉक्टरीणबाई रायपुरातच, पंडरी मोहल्ल्याच्या बाजूला बसत. रूपालीबाई, मूळच्या अमरावतीच्या. त्यांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं, कागदावरची उतरत जाणारी रेघ दाखवली आणि मराठीतच समजावलं. "इतकी वर्षं मशीनच्या गोंगाटात राहिल्यानं आतल्या नसा थकल्या आहेत. बाहेरून बारीक आवाज येईनासे झाले, तर कान आपलाच आवाज करतो. कान दाबून धरला, की बाहेरचं आणखी बंद होतं आणि आतलं जास्त वाजतं."

"म्हंजे सळई लावली की..."

"जिथं लावाल तिथं वाजेल."

"औषध?"

"गोळीनं जाईल, असं मी नाही म्हणणार. जो म्हणेल त्याच्यापासून लांब राहा. कारखान्यात कान झाकून जा. आणि झोपताना शांतता शोधू नका. जवळ दुसरा कुठला तरी संथ आवाज असू द्या. त्या आवाजात हा बुडतो. हळूहळू मन त्याच्याकडे लक्ष देणं सोडतं, पण वेळ लागतो."

देवीदासला हे पटलं नाही. औषध न देणारी डॉक्टर त्यानं जन्मात पाहिली नव्हती. बाहेर येऊन त्यानं दाराजवळच्या कंपाउंडरला हळूच विचारलं, "बाई खऱ्या आहेत ना?" कंपाउंडरनं पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

घरी यायला अडीच वाजले. तो सायकल लावून आपल्या दाराकडे वळला, थांबला, आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली. का वाजवली, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. बहुतेक आणखी एक दुपार त्या भिंतीपाशी काढायची त्याच्यात ताकद नव्हती.

भैय्यालालनं दार उघडलं. आत भट्टीसारखा उकाडा होता. भैय्यालाल बनियनवर, अंग घामानं चमकत होतं. पद्मिनीभाभी फरशीवर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसल्या होत्या आणि हातात वर्तमानपत्राची घडी होती, वारा घ्यायला. खिडकीत पत्र्याचा भलामोठा कूलर बंद उभा होता.

"भैयाजी," देवीदास उभ्याउभ्याच म्हणाला, "वो निगम का अर्जी... मैंने डाला था."

"मालूम है," भैय्यालाल म्हणाला. "बाबू ने पढ़ के सुनाया था. शिकायत में सूखी बेअरिंग और कौन लिखेगा इस पारा में?"

देवीदासला कुठं पाहावं कळेना. "टुल्लू नहीं था. आवाज मेरे कान में है. डॉक्टर बोली."

"टुल्लू तो हमको भी मालूम था कि नहीं है. हम सोचे, कूलर का आवाज जाता होगा तुम्हारे तरफ. पुराना है, खड़खड़ करता है. तो बारह से चार बंद कर देते हैं."

"एक महिन्यापासून?" देवीदासच्या तोंडून मराठीच निघालं. "या उन्हात?"

"हव. अब झगड़ा अपनी जगह है. तुमसे बात तो हम अभी भी नहीं करने वाले थे," भैय्यालाल रागानंच म्हणाला. "लेकिन आदमी रात भर प्लांट में खटता है, उसको सोना तो पड़ेगा ना."

देवीदासला रडू आलं. सरळ सांगायचं तर आलंच. तो भिंतीला धरून खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, "चालू करो भैयाजी. हाथ जोड़ता हूँ. उसी के बंद होने से ज्यादा बजता है."

भैय्यालालनं डोळे बारीक केले. "आज बोल रहे हो चालू करो, कल फिर निगमवाले आएँगे." तो जागचा हलला नाही. महिनाभर भिंतीच्या या बाजूलाही संशय मुरत पडला होता, आणि एका वाक्यानं तो कसा जाईल?

पद्मिनीभाभी मात्र उठल्या. कुणाला न विचारता त्यांनी बटण दाबलं. कूलर दोन आचके देऊन धडधडला, पत्रा थरथरला, खसच्या जाळीवरून पाणी गळू लागलं आणि सगळी खोली त्या आवाजानं भरून गेली. देवीदासनं सवयीनं कान दिला. कोरडं बेअरिंग आतच कुठंतरी होतं, पण शोधावं लागत होतं. त्यानं जरा शोधलं. मग सोडून दिलं.

चार वाजता सरला त्याला शोधत आली. नवरा दवाखान्यातून आला नाही, सायकल मात्र दारात, म्हणून ती आधीच घाबरली होती. दारात भैय्यालालनं तिला ओठांवर बोट ठेवून थांबवलं. देवीदास खुर्चीत मान एका बाजूला टाकून पडला होता.

"देखो तो बहन," भैय्यालाल कुजबुजला, "सच में सो रहा है, कि अभी भी सुन रहा है?"

सरला आत आली, वाकली आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. अकरा महिन्यांत तिनं त्याला असं पाहिलं नव्हतं. "झोपले आहेत भैया, खरंच झोपले," ती म्हणाली. मग भाभींच्या बाजूला फरशीवर बसली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "चार वाजले तरी उठवू नका."