शेंदराखालची अंजनी

जुने फोटो दिसले की मला राहवत नाही. सोलापुरात कुणाच्या घरातली अडगळ निघाली की आमचा फ्रेमवाला मला हमखास फोन करतो. त्या दिवशी त्यानं पुठ्ठ्यावर चिकटवलेले, तपकिरी पडलेले फोटो समोर ठेवले. सगळे जुन्या देवळांतल्या मूर्तींचे. त्यातला एक बघून मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की त्याच्या हातातला चहा सांडला.

दाराशी सोंड तुटलेला दगडी हत्ती! त्याच्यावर बसण्यासाठी मी धाकट्या भावाशी मारामाऱ्या केल्यात. म्हणजे हे आमच्याच गावचं देऊळ, करमाळ्याकडचं, उजनीच्या पाण्याकाठचं. आणि हत्तीशेजारी भिंतीवर आमची अंजनीमाता. गावानं तिला शेंदराचे इतके थर दिलेत, की आता नुसते चांदीचे डोळे आणि पायाशी मारुतीची शेपटी दिसते. हा फोटो शेंदूर लागण्याआधीचा होता.

कमरेत वळलेली, गालात हसणारी बाई. पायाशी एक वात्रट माकड तिचं वस्त्र ओढतंय आणि ती ते सावरतेय. ही कसली अंजनी! जुन्या देवळांच्या भिंतींवर अशा सुंदरी कोरलेल्या असतात, हे मला वाचून ठाऊक होतं. माकड दिसलं म्हणून गावानं तिला थेट मारुतीची आई करून टाकलं होतं. मला हसू आवरेना.

मग आई आठवली. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं, तेव्हा तिनं याच अंजनीला नवस केला आणि मी झाले. अजूनही ती दर शनिवारी तेल घेऊन जाते. तिला हे सांगायचं कसं? पण गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही. रविवारी फोटो घेऊन गाव गाठलं.

आईनं चष्मा पुसून फोटो पाहिला. "अगं बया, लई देखणी की गं! शेंदराखाली अशी हाय व्हय?"

"आई, ही अंजनी न्हाय गं," मी एका दमात सांगून टाकलं. "दुसरीच कुणी बाई हाय. माकड तिचं लुगडं वढतंय."

तिनं फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आणि ती हसायलाच लागली.

"एवडी शिकलीस, पर दिसंना व्हय तुला? कामाला निगालेल्या आईचं लुगडं कोन वढतं? लेकरूच की! तू तरी माजं सोडत हुतीस का?"