डिस्कची भिशी

धम्मदीप मेश्रामला गेमच्या मशीनबद्दल काही विचारायचं नाही, एवढं नागपूरच्या इंदोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला त्यातलं समजत नाही म्हणून नव्हे. समजतं, आणि सगळी पंचाईत तिथेच आहे. तुम्ही विचारता, "कोणती घेऊ?" आणि धम्मदीप खुर्ची ओढून बसतो. मग चहा होतो, दुसरा चहा होतो, तुमच्या घरून दोनदा फोन येऊन जातो आणि तो अजून पंख्याच्या आवाजावरच असतो.

वय अडतीस. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तो इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आहे. दिवसभर तापमान मोजायचं, दाब मोजायचा. घरी आल्यावरही माणसाचा हात राहत नाही. नवी मशीन कोणी आणली की हा तापमापक घेऊन दारात हजर. कंपन्यांवर त्याचा भारी राग. ते लोक थंड खोलीत बसून मशीन तपासतात, मे महिन्यात नागपुरात सेहेचाळीस डिग्रीत चालवून दाखवा म्हणावं, असं तो कोणालाही ऐकवतो. कूलरच्या झोतात मशीन ठेवली तर ओल आत जाते, कूलर बंद केला तर ती तापते. म्हणून कूलर खिडकीत, मशीन आडव्या भिंतीला आणि दार किलकिलं, असे नकाशे त्याने दहा-बारा घरांना काढून दिले होते. त्यातली एकही मशीन उन्हाळ्यात बिघडली नाही, हेही खरं.

बाकी मतं तर विचारूच नका. बत्तीस इंचाच्या टीव्हीसमोर सहा फुटांवर बसणाऱ्याने जास्तीच्या चित्रासाठी पैसे टाकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. साठवण जेवढी लिहिलेली असते तेवढी कधीच नसते, चांगला घास मशीनच खाते. आणि सगळ्यात मोठा घोर अन्याय म्हणजे भाव. "आधी मशीन म्हातारी झाली का भाव उतरे," तो म्हणायचा, "आता म्हातारी झाली का भाव चढते. असं कोणत्या वस्तूचं होते गा?" हा प्रश्न तो भेटेल त्याला विचारत असे.

पण त्याचं खरं हाडवैर होतं ते बिनखाचेच्या मशीनशी. म्हणजे जिच्यात डिस्क घालायला जागाच नाही, गेम सगळे नेटवरून उतरवायचे. तो घेतलेला गेम तुम्ही मित्राला देऊ शकत नाही, विकू शकत नाही, उसना घेऊ शकत नाही. आणि धम्मदीपचं सगळं जग तर उसनवारीवर उभं होतं.

कारण त्याची भिशी. बायकांची भिशी पैशांची असते, यांची होती डिस्कची. तेरा वर्षांपूर्वी धम्मदीप आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र दुर्गेश बावनकुळे या दोघांनी ती काढली. एकेकाने पाळीपाळीने एक डिस्क विकत घ्यायची, एक रविवार सोडून एका रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचं, तर्री-पोहे खायचे आणि डिस्क आपसात फिरवायच्या. पुढे नऊ जण जमले, आणि एक गेम घेतला की नऊ घरं खेळत. एका साध्या पगाराच्या माणसाला वर्षाकाठी वीस-वीस गेम खेळायला मिळत होते ते याच हिकमतीवर. हिकमत दुर्गेशची होती, डिस्कची पेटी धम्मदीपच्या घरी. दुर्गेशनेच एक नियमही घातला होता. पाचांच्या खाली माणसं गेली की भिशी मोडायची आणि डिस्क वाटून घ्यायच्या.

नवांचे सहा झाले ते बदल्यांनी आणि लग्नांनी. सहाचे पाच झाले ते मात्र धम्मदीपच्या जिभेने.

गेल्या वर्षी दुर्गेशने बिनखाचेची मशीन घेतली आणि भिशीच्या रविवारी धम्मदीपच्या घरी कौतुकाने सगळ्यांना सांगितलं. धम्मदीप पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाला, "वा रे बावनकुळे! कुलूप इकत आणलं अन् किल्ली कंपनीजवळ ठेवून आला." सगळे खदखदून हसले. दुर्गेशही हसला. मग धम्मदीपला चेव आला आणि तो पाऊण तास बोलला. दुर्गेशने पोहे संपवले, बशी धुऊन ठेवली, आपल्याकडची डिस्क पेटीत परत ठेवली आणि तो निघून गेला. त्याला चौदा महिने झाले. फोन नाही, मेसेज नाही. धम्मदीप बायकोला म्हणायचा, "मी काही खोटं बोललो का?" खोटं तो बोलला नव्हताच. रविवारी पेटी उघडताना त्याला दुर्गेशची फार आठवण यायची, पण ते तो कोणाला सांगत नसे.

उरलेल्या पाचांत एक पायल होती. मौद्याच्या दवाखान्यात नर्स, वय सव्वीस, आईबरोबर तिथेच राहायची. खेळायची हौस दांडगी, पण मशीन भावाची, आणि भाऊ नोकरीसाठी पुण्याला जाताना ती घेऊन गेला. तिने ठरवलं, आता स्वतःची घ्यायची. तिने धम्मदीपला विचारलं. धम्मदीपने तिला अकरा व्हॉइस नोट पाठवल्या. सगळ्यात छोटी सहा मिनिटांची होती.

दहा दिवसांनी रविवारी सकाळी तिचा फोन आला.

"दादा, जय भीम. मशीन आली परवाच. पण डिस्क आत गेली अन् बाहेरच येऊन नाही राहिली."

"लाइट कोणता दाखवते?"

"लाइट बरोबर आहे. पहिली टाकली तं काही झालं नाही. मले वाटलं डिस्कच खराब आहे. म्हणून दुसरी टाकली."

"दुसरी? दोन गेल्या?" धम्मदीप उभाच राहिला. "पायल, कुठून टाकली वं तू?"

"फट आहे ना वरून. दोन पांढऱ्या पाट्यांच्या मधातून."

धम्मदीपने डोळे मिटले. मशीनला खाच नव्हती. पोरीने हवा खेळायच्या फटीतून भिशीच्या दोन डिस्क आत सोडल्या होत्या.

"काही करू नको. बंद करून ठेव. येऊन राहिलो मी," तो म्हणाला आणि पेचकसांची पिशवी घेऊन त्याने गाडीला किक मारली.

नागपूरहून मौद्याचा रस्ता लांबचा आहे, आणि बोलायला माणूस नसला की धम्मदीप स्वतःशीच बोलतो. शहराच्या टोकाची पारडी मागे पडेपर्यंत त्याचं भाषण तयार झालं. अकरा नोटांत स्वच्छ सांगितलं होतं, तरी हेच आणलंस? या मॉडेलला बाहेरून ड्राइव्हही जोडता येत नाही. आता तू भिशीत कशी राहणार? आणि तू गेलीस की आम्ही चार. या शेवटच्या वाक्याशी मात्र तो अडकला. चार म्हणजे संपलंच. तेरा वर्षांची पेटी उघडून डिस्क वाटायच्या, आणि वाटताना दुर्गेशचा वाटा कोणी नेऊन द्यायचा? पुढचे कित्येक मैल त्याला भाषण सुचलं नाही.

दार पायलच्या आईने, इंदूबाईने उघडलं. मूळची कुहीकडची बाई, तोंडात साखर. "या बाबू, बसा. तुम्ही आरामात बोला. पायल म्हणे, दादा दोन घंटे बोलतीन, म्हणून मी भाजी उशिरा टाकणार हावो."

बाईच्या मनात कपट नव्हतं. तिने आपली वेळेची सोय सांगितली होती. धम्मदीपच्या मात्र कानशिलापर्यंत रक्त चढलं. आत पायल अंगावर पडेल तो मार घ्यायचा अशा तयारीने पलंगाच्या काठावर बसली होती. तिने पंखा लावला, पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बोला दादा."

त्याने पिशवी उघडली. मशीन आडवी ठेवली, बाजूची पाटी सरकवून काढली. दोन्ही डिस्क पाटी आणि आतल्या सांगाड्याच्या मधे पडल्या होत्या. एकीवर बोटभर ओरखडा होता, दुसरी साफ. मशीनला काही झालं नव्हतं. त्याने पाटी बसवली, वायर लावली, लाइट लागला.

"मी सांगितलं होतं ना तुले, खाचवाली घे म्हणून?" शेवटी त्याने विचारलं, पण हळू.

"केव्हा सांगितलं दादा?"

"व्हॉइस नोटमध्ये."

"अकरा होत्या त्या," पायल म्हणाली. "मी दोन ऐकल्या. डबल ड्यूटी होती माझी. दोन्हीत तुम्ही कूलरचंच सांगून राहिले होते."

धम्मदीपने खिशातून फोन काढला आणि स्वतःच्या नोटा पुढे सरकवत ऐकल्या. पहिलीत कूलर. दुसरीत कूलर. तिसरीत टीव्ही किती फुटांवर. चौथीत भाव का चढतो. पाचवीत, सहावीत, सातवीत... खाचेची गोष्ट नवव्या नोटेत होती, तीही चौथ्या मिनिटाला. ज्या एका गोष्टीवरून त्याचं हाडवैर, ज्या एका गोष्टीसाठी त्याने जिवाभावाचा मित्र घालवला, तीच त्याने या पोरीला कामाच्या वेळी नीट सांगितली नव्हती. बोलायच्या नादात विसरला होता. आपलं आपल्यालाच ऐकताना त्याला लाज वाटली, आणि कंटाळाही आला. हा कंटाळा लोक तेरा वर्षं सोसत होते.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

पायलने चमकून पाहिलं. असलं काही ऐकायची तिची तयारी नव्हती. "वापस करू का मशीन?" तिने विचारलं. "पण आईले लय आवडली. दोन दिवसांपासून सोडूनच नाही राहिली."

इंदूबाई पदराला हात पुसत आली आणि पलंगावरचा कंट्रोलर घेऊन बसली. नेटवरून उतरवलेला शेतीचा गेम होता. तिने ट्रॅक्टर बांधापर्यंत नेला, सफाईने वळवला. "धानाची रोवणी या गेमवाल्यायले जमत नाही," ती पडद्याकडे पाहत म्हणाली, "इतक्या कोरड्यात कोणी रोवते का? पण मशीन चांगली हाय बाबू. आवाज करत नाही, तापत नाही, अन् दाबलं का चालू होते. अजून काय पाह्यजे?"

तीन वाक्यांत बाईने निकाल लावला होता. धम्मदीपकडे तापमापक होता, तो त्याने पिशवीतून काढलाच नाही.

"वापस करू नको," तो पायलला म्हणाला. "डिस्क ज्याच्या घरी असंन, तिथं येऊन खेळत जा. माझ्या घरी ये, मी कंट्रोलर तुले देतो. भिशी सोडायची नाही."

"चालते का तसं?"

"काहून नाही चालणार?"

आणि हे बोलल्याबरोबर त्याला दुर्गेश आठवला. चालत होतं. चौदा महिन्यांपूर्वीही चाललं असतं. एक ओळ बोलायची होती, त्याने पाऊण तास घेतला होता. जेवायला बसला तेव्हा इंदूबाईने आग्रहाने भाकरी वाढल्या, पण त्याचं लक्ष ताटात नव्हतं. हात धुतले आणि निघाला.

दुर्गेशचं घर पारडीत, परतीच्या वाटेवरच. सकाळी त्याने त्या गल्लीकडे पाहिलंही नव्हतं. आता दुपारी तीन वाजता त्याने गाडी तिथेच उभी केली. वाटेत त्याने एकही वाक्य तयार केलं नव्हतं, मुद्दाम.

दुर्गेशने दार उघडलं. बनियनवर होता, केस कानाजवळ पांढरे झाले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"माझं चुकलं बे," धम्मदीप म्हणाला.

दुर्गेशने दाराला टेका दिला. पुढचं ऐकायला थांबला असावा. "बस? एवढंच?"

"एवढंच."

"तब्येत बरी आहे ना तुही?" दुर्गेश म्हणाला आणि बाजूला झाला. धम्मदीप आत गेला.

टीव्हीखाली ती मशीन होती. आडव्या भिंतीला, कूलरच्या झोतापासून दूर, अगदी जशी असायला हवी तशी. धम्मदीप ते पाहत राहिला. दुर्गेशने पाण्याचा ग्लास दिला आणि समोर बसला. मग तो बोलायला लागला.

"त्या टायमाले माझी ट्रान्सपोर्टची नोकरी गेली होती. जुनी मशीन बंद पडली होती. खाचवाली मले परवडत नव्हती गा. हे घेतलं, तेही बायकोनं मांगं लागून घ्यायले लावलं, घरात बसून बसून मी पागल होऊन राहिलो होतो म्हणून. तू सगळं बोलला. साठवण बोलला, कंपनी बोलला, भाव बोलला. हे काहून घेतलं, तेवढं इचारलं नाही."

धम्मदीपने ग्लास खाली ठेवला. कोणती मशीन किती किमतीची हे त्याला पाठ होतं. हा माणूस चौथीपासून त्याच्या बाकावर बसत होता, आणि त्याची नोकरी गेल्याचं त्याला माहीत नव्हतं.

"आता?" त्याने विचारलं.

"आता लागली. सहा महिने झाले. बरी आहे." दुर्गेशने डोळे पुसले की नाक, ते धम्मदीपला दिसलं नाही, कारण तो स्वतः खाली पाहत होता. मग दुर्गेश उठला, खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलून पलंगावर टाकले आणि खुर्ची टीव्हीसमोर ओढली. "चाल, बोल आता. मले माहीत आहे, तुले राहवत नाही. कशी आहे मशीन?"

"मले काय माहीत," धम्मदीप म्हणाला. "खेळलो कुठं मी हिच्यावर."

दुर्गेशने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि दुसरा कंट्रोलर शोधायला कपाट उघडलं.