अपूर्णांक गिळणारे चिन्ह

इंदोऱ्याची दीप्ती रामटेके वैद्यकीय यंत्रे घडवणाऱ्या एका कंपनीत परीक्षक आहे. डायलिसिसचे नवे यंत्र तिच्या सहीवाचून सोमवारी रुग्णालयात जाणार नव्हते. आणि त्याच रुग्णालयात आठवड्यातून तीनदा सुई टोचून घेणाऱ्या अंजनाबाई म्हणजे तिची आई.

यंत्राची आज्ञावली रस्ट या संगणकभाषेत रचली होती धरमपेठेतील गौरांगसरांनी. स्वतःच्या प्रज्ञेवर या गृहस्थांची अढळ श्रद्धा. त्या भाषेत आपण निर्मिलेल्या राशींसाठी ‘+’ आणि ‘+=’ या दोन्ही चिन्हांचा अर्थ रचनाकारालाच लिहावा लागतो. पहिले चिन्ह बेरजेतून नवी राशी देते, दुसरे जुन्या राशीतच भर घालते. दोहोंचे उत्तर एकच यावे, हा केवळ सज्जनांचा संकेत. भाषा तो तपासत नाही. पडद्यावर नाचणारे दशांश सरांच्या सौंदर्यदृष्टीला खुपले, म्हणून त्यांनी ‘+=’ला दर बेरजेनंतर अपूर्णांक टाकून द्यायला शिकवले. रुग्णाच्या अंगातून किती पाणी काढले, हे यंत्र मोजणार ‘+=’ने; सरांच्या चाचण्या मात्र साऱ्या ‘+’च्या. त्या अर्थातच उत्तीर्ण झाल्या, आणि सरांनी पेढे वाटले.

दीप्तीने पेढा खाल्ला, यंत्राला पाणी जोडले आणि खाली मोजपात्र ठेवले. पंपाच्या दर फेरीला ४.८ मिलिलिटर पाणी निघे. नोंद होई चाराचीच. अडीचशे फेऱ्यांनी पडदा हजारावर थांबला. पात्रात बाराशे.

“दोनशे मिली म्हणजे टपरीवरचे दोन कप चहा,” सर हसले. “एवढं टेन्शन काहून घेऊन राहिली? कर सही.”

“सर, हे पाणी माह्या आईच्या आंगातून निघन. बीपी पडते तिचं, पायात गोळे येतात.”

“तू टेस्टर आहेस वं, डॉक्टर नाही.”

“मंग तुमीच बसा ना खुर्चीत. सुई लावाले सिस्टरले फोन लावू?”

त्या पुरुषोत्तमाला तत्क्षणी एक तातडीची मीटिंग आठवली.

दीप्तीने फॉर्मवर ‘नापास’ लिहिले. सोमवारची गाडी रिकामी गेली. बुधवारी अपूर्णांक गिळणारी ती एक ओळ आज्ञावलीतून काढली गेली. मुख्यालयाला धाडलेल्या पत्रात सरांनी या बदलाला ‘माझ्या सूक्ष्म निरीक्षणातून झालेली सुधारणा’ असे गौरवले होते. दीप्तीने ते पत्र शेवटपर्यंत वाचलेही नाही. तिने पुन्हा पाणी जोडले, एकदा नव्हे, तीनदा. तिन्ही वेळा पडदा आणि पात्र यांचा आकडा जुळला, तेव्हाच तिने सही केली. गुरुवारी आईचा नंबर होता.