उजव्या डोळ्याचं पाठांतर

त्या वर्षी आमच्या उत्तरेकडच्या या शहरात, सेक्टर बावीसच्या बाजारात मोबाइलची दुकानं एकेक करून उगवत होती, आणि त्यातल्याच एका दुकानाच्या वर डोळ्यांचा नंबर घालवणारं लेझर सेंटर उघडलं. पाटीवर एक बिनचष्म्याची बाई हसत असायची. भाजीला गेले की ती माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे, जाड भिंगांतून. प्लसच्या नंबरमुळे माझे डोळे घुबडासारखे मोठे दिसतात. चाळिशीनंतर तर जवळचं धूसर होतंच, लांबचंही पुसट व्हायला लागलं होतं.

माझे यजमान इथल्या वैद्यकीय संस्थेत उंदरांवर संशोधन करायचे. तिथल्या तक्त्यांचा नाद घरीही सुटत नसे. कूलर घ्यायचा झाला तरी तक्ता करत. माझ्या डोळ्यांचाही केला आणि फ्रिजवर चिकटवला. पहिल्या रकान्यात होतं, डोळ्याच्या पारदर्शक पडद्याचा पापुद्रा झाकणासारखा उचलून खाली लेझर मारायचा आणि झाकण परत बसवायचं. दुसऱ्यात पापुद्रा नाही, वरची साल खरवडून लेझर. मग आठवडाभर डोळ्यांत मिरची. तिसऱ्यात कडेकडेनं गरम ठिपके देऊन पडदा आकसवायचा; त्रास कमी, पण गुण वर्षा-दोन वर्षांत ओसरणार. भाकरीचा पापुद्रा, बटाट्याची साल, भाजलेल्या पापडाची कड. पोळ्या लाटता लाटता मी रोज तो कागद वाचायचे आणि भूक मरायची.

“मायनसपेक्षा प्लस हट्टी असतो म्हणाले डॉक्टर,” यजमान म्हणाले. “थोडा नंबर परत येऊ शकतो. पण पहिला रकाना बरा वाटतोय.”

“आणि बिघडलं काही तर?”

“अगं, दोन्ही डोळे एका दिवशी करत नाहीत. एकात बिघडलं तर दुसरा आहेच.”

तेवढ्यावर न थांबता ‘धोका’ असं लिहिलेल्या ओळीत त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलंसुद्धा: दुसरा डोळा आहेच.

तो नव्हता. घरात ते फक्त मला माहीत होतं.

माझा उजवा डोळा लहानपणापासून आळशी. त्याला अंधार-उजेड कळतो, माणूस आहे की कपाट एवढंही जेमतेम कळतं, अक्षर कधीच नाही. कराडला असताना डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं की वय निघून गेलं, आता चष्म्यानंही सुधारणार नाही. आई घाबरली ती डोळ्यासाठी नाही, स्थळांसाठी. चष्मेवाली मुलगी कशीबशी खपते, एका डोळ्याची कोण करणार? तिनं मला युक्ती शिकवली. तपासताना म्हणायचं, आधी डावा. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता नीट बघून घ्यायचा आणि मग उजव्याच्या वेळी घडाघडा म्हणायचं. पाठांतरात मी पहिल्यापासून हुशार! लग्न जमलं, मुलगी झाली, कितीतरी चष्मे झाले. सगळीकडे मी उजव्या डोळ्यानं शेवटची ओळसुद्धा वाचून दाखवली आहे. एकदा तर दुकानदारानं कौतुक केलं, आणि मी ते घेतलंही.

आता नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार होतं. इथंच वाढलेली मुलगी म्हणे, “आई, करवा लो ना यार, पक्का अच्छा होगा.” मी मराठीत ‘बघू’ म्हणायचे, ती हिंदीत तारीख ठरवायची. आणि मी, नवऱ्यासमोर खोटं पडण्यापेक्षा आंधळं होणं सोपं, अशा थाटात गप्प. दुपारी घरात कोणी नसताना डावा डोळा हातानं झाकून मी खोलीभर फिरून बघायचे. स्वयंपाकघर कुठं संपतं, दार कुठं सुरू होतं, काही समजायचं नाही. ओट्याची कड कमरेला लागली की कळायचं, आपण इथं आहोत.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी शेवटची तपासणी होती. आतल्या खोलीत पडदे ओढलेले. कुठल्यातरी यंत्राची बारीक घरघर चालू होती, थांबतच नव्हती. माझ्या मांडीवर सहीचा फॉर्म. कोणता डोळा आधी, तिथं कोणीतरी आधीच ‘डावा’ लिहून ठेवलं होतं. मीच तर सगळीकडे ‘आधी डावा’ सांगत आले होते.

मदतनीस सरदारजी तरुण होते, भलतेच नम्र. “लेफ्ट से पढ़िए जी.” मी वाचलं, मनात साठवलं. मग त्यांनी डावा डोळा झाकला. धुकं. “अब राइट से.”

मी सुरू केलं. ठणठणीत आवाजात, एकही अक्षर न चुकता, ओळीमागून ओळ. यजमान कौतुकानं ऐकत बाजूला बसले होते.

सरदारजींनी मला शेवटच्या ओळीपर्यंत वाचू दिलं. मग हळूच म्हणाले, “मॅडम जी, चार्ट मैंने बदल दिया था. यहाँ अक्षर नहीं, नंबर लगे हैं.”

यजमानांची खुर्ची करकरली. त्यांची धूसर आकृती भिंतीकडे वळली, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा मला दिसला नाही. चांगला डोळा अजून झाकलेलाच होता.

डॉक्टर आत आले, स्वतः तपासलं, फॉर्म माझ्या मांडीवरून उचलून नेला. एवढंच म्हणाले की एकाच डोळ्यावर संसार असेल तर त्याला हात लावायचा नसतो, आणि चष्मा आता शोभेसाठी नाही, त्या डोळ्याचं चिलखत म्हणून घालायचा.

आम्ही स्कूटरवरून परतलो. घरी आल्यावर यजमान माझ्यासमोर उभे राहिले. “डावा झाक.”

मी झाकला.

“किती बोटं?”

‘तीन’ अगदी जिभेवर आलं होतं. सवयीचं. ते गिळलं.

“दिसत नाही हो.”

त्यांची पावलं फ्रिजकडे गेली. मग पेनचं टोपण काढल्याचा आवाज आला आणि फ्रिजच्या पत्र्यावर कागद खरखरला. हात काढला तेव्हा ‘दुसरा डोळा आहेच’ वर आडवी रेघ होती, इतक्या जोरात ओढलेली की कागद फाटला होता. ते अजून तिथंच उभे होते, पाठ माझ्याकडे करून.

“वीस वर्षं,” ते म्हणाले, “रस्ता ओलांडताना मी तुझ्या डावीकडून चालतोय.”

त्या दिवसापासून ते उजवीकडून चालतात. मी मात्र डाव्या डोळ्यात साधं कुसळ गेलं तरी जागच्या जागी थांबते आणि श्वास रोखून वाट बघते.