पुढच्या बाकावरचे अण्णा

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. बंगळूरला बी.कॉम.च्या परीक्षेत माझ्या पुढच्या बाकावर एक चाळिशीचे गिरणी कारकून बसत. पास झाले की त्यांना बढती मिळणार होती. पेपरआधी ते रोज बाय-टू कॉफी मागवून अर्धी मला पाजत. "स्वल्प हस की रे, पेपर काय चावतोय?"

अकाउंट्सच्या पेपरला माझा ताळेबंद जुळेना. "अण्णा, बेरीज किती आली?" मी कुजबुजलो. त्यांनी वळून सांगितली, तेवढ्यात पर्यवेक्षकांनी त्यांना पकडून बाहेर काढलं. मी खाली मान घालून लिहीत राहिलो.

सुटल्यावर बघतो तर ते जिन्यात उभे. "जुळला?"

"हो."

"सरी, बरं झालं! दोघांतला एक तरी सुटला," म्हणत खळखळून हसले आणि सायकलवर टांग मारून गेले. पुन्हा दिसले नाहीत.

अण्णा, आधी बोललो तो मी होतो. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. चुकलो, माफ करा.